शस्त्रक्रियेनें संततिनिरोध : कांहीं संज्ञा व कांहीं कागद

(१) प्रास्ताविक

अंबरनाथच्या शिवालयावरील शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम ७८२ असा वाचिला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरविला, आणि शिलाहार मुम्मुणीच्या राजवटीशीं त्याचा मेळ बसला. एका अंकाच्या वाचनानें हें मंदिर दोनशें वर्षें मागें गेलें होतें, तें पुन्हां आपल्या जागीं आलें. ही हकीकत संशोधकांस नवी नाहीं. ती आरंभींच सांगण्याचें कारण इतकेंच कीं, याच मंदिराच्या शेजारच्या वस्तींतून गेल्या वर्षीं आमच्याकडे एक दप्तर आलें, आणि त्यांतील एका कागदाच्या बाबतींत तशाच जातीची चूक होऊं घातली होती. भेद एवढाच कीं, तेथें प्रश्न दोनशें वर्षांचा होता. येथें तो एका जिवंत माणसाच्या अब्रूचा होता.

सदर दप्तर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आजोबांचें. हे आजोबा गांवांत वैद्यकी करीत. दप्तरांत एक देवनागरी बाड, औषधांच्या कांहीं मोडी याद्या, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे तीन सुटे अंक आणि १९७६ सालचा एक छापील दाखला, इतके कागद निघाले. दाखल्यांतील रिकाम्या जागा शाईनें भरलेल्या असून खालीं आंगठ्याचा ठसा आहे. आमच्या एका संग्राहक मित्रांनीं या सर्वांची यादी केली, ती अशी : “वंध्याकरणाचे प्राचीन योग, तद्विषयक मासिक, आणि चौथ्या नसबंदी शिबिरांत खच्ची केलेल्या इसमाचा दाखला.” हा दाखला ठशासह जसाच्या तसा त्रैमासिकांत छापावा, अशीही त्यांची सूचना होती.

या दीड ओळीच्या यादींत चार चुका आहेत, आणि त्या चारही सद्धेतूनें झालेल्या आहेत. आमच्या मित्रांचें मोडीचें ज्ञान आमच्याहून अधिक आहे. परंतु शस्त्रक्रियेनें होणाऱ्या कायमच्या संततिनिरोधाची पद्धति व तिचा इतिहास यांचा परिचय सामान्यतः जुन्या कागदांच्या अभ्यासकांस नसतो. असे कागद यापुढें घरोघरच्या दप्तरांतून निघत राहणार. म्हणून त्यांचें वाचन कसें करावें हें येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

(२) बाडांतील योग

प्रथम बाडाकडे वळूं. त्यांत ‘वंध्याकरण’ या मथळ्याखालीं अनेक योग उतरून घेतले आहेत. अशा योगांची परंपरा जुनी आहे. कल्याणमल्लाच्या ‘अनंगरंगां’त गर्भ न राहण्याचे उपाय दिलेले आहेत, व भावमिश्राच्या ‘भावप्रकाशां’त पिंपळी, वावडिंग व टांकणखार यांचा प्रसिद्ध योग आहे. आमच्या बाडांत हा योग असून त्याशिवाय पाऱ्याचेही एकदोन प्रयोग आहेत. त्यांचीं प्रमाणें आम्ही येथें मुद्दाम देत नाहीं. पारा हें विष आहे, आणि छापलेला योग कोणाच्या हातीं पडेल याचा नेम नसतो.

या योगांविषयीं संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मथळ्यांत ‘वंध्या’ हा शब्द आला म्हणून त्या योगानें कायमचें वंध्यत्व येत असे, असें अनुमान काढूं नये. ते ग्रंथकारांचे दावे आहेत. परिणामाची नोंद नव्हे. औषध पोटांत घेऊन कायमचा व निर्धोक संततिनिरोध होतो असा एकही उपाय आजच्या वैद्यकास मान्य नाहीं. शस्त्रावांचून कायमचा उपाय करण्याचा प्रयत्न अर्वाचीन काळींही झाला. क्विनाक्रिन नांवाच्या औषधाच्या गोळ्या गर्भाशयांत ठेवून स्त्रियांच्या गर्भनलिका बंद करण्याची एक रीत निघाली होती. तिच्या निर्धोकपणाची खात्री न पटल्यामुळें भारतांत १९९८ सालीं तिजवर बंदी आली.

शस्त्राचा विचार आमच्या प्राचीन ग्रंथांत मुळींच नाहीं असें मात्र नव्हे. तो उलट बाजूनें आला आहे. सुश्रुतानें शुक्रवह स्रोतसें दोन सांगितलीं असून तीं दुखावल्यास क्लैब्य येतें असें म्हटलें आहे. वंक्षण व वृषण यांच्या मध्यें ‘विटप’ नांवाचें मर्म असून त्यास इजा झाल्यास षंढत्व किंवा अल्पशुक्रता येते, असेंही तो शारीरस्थानांत सांगतो. मुतखडा काढतांना शस्त्रवैद्यानें कोणत्या जागा जपाव्या, त्यांतही शुक्रवहाचें नांव आहे. म्हणजे ज्या वाटेनें शुक्र वाहतें ती वाट शस्त्रानें बिघडूं शकते, हें ज्ञान होतें. परंतु तें अपाय टाळण्यासाठीं सांगितलें आहे, उपाय म्हणून नव्हे. आजचा शस्त्रवैद्य तीच वाट हेतुपुरस्सर बंद करितो. या दोहोंमध्यें सरळ परंपरा जोडणें हा इतिहासाचा विपर्यास होय. यादींतील पहिली चूक ही.

(३) संज्ञाविचार

या विषयाच्या कागदांत वंध्यीकरण, निर्बीजीकरण, नसबंदी व कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया असे चार शब्द मुख्यतः आढळतात.

‘वंध्यीकरण’ हा च्वि प्रत्ययाचा प्रयोग आहे. जें पूर्वीं तसें नव्हतें तें तसें करणें, हा च्वीचा अर्थ. शुक्लीकरण म्हणजे जें शुभ्र नव्हतें तें शुभ्र करणें. त्याप्रमाणें वंध्यीकरण म्हणजे अपत्य होण्यास समर्थ अशा व्यक्तीस तसें न ठेवणें. दैवानें आलेल्या वंध्यत्वाहून ही स्थिति निराळी. येथें कर्ता असतो, आणि कर्ता आला कीं कोणाच्या इच्छेनें, हा प्रश्न आलाच. ‘निर्बीजीकरण’ हा शब्द अर्थानें किंचित् दूषित आहे. या शस्त्रक्रियेनें बीज नाहींसें होत नाहीं. बीजाची वाट तेवढी बंद होते.

‘नसबंदी’ हा शब्द हिंदीच्या द्वारें आला. बंदी हें पद आमच्या वाचकांस जमाबंदी, हप्तेबंदी, नाकेबंदी या शब्दांवरून परिचित आहे. पहिल्या दोहोंत त्याचा अर्थ ठरावणी असा आहे, तिसऱ्यांत अडवणूक असा. नसबंदींत हा दुसरा अर्थ घ्यावयाचा. ‘नस’ शब्दानें मात्र पुष्कळ गैरसमज केला आहे. मराठींत नस म्हणजे रक्ताची शीर किंवा स्नायूचा तंतु. ती कापली कीं माणूस दुबळा होणार, अशी समजूत साहजिक होते. प्रत्यक्षांत जी कापतात ती रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतु नव्हे, स्नायूही नव्हे. ती शुक्रजंतु वाहून नेणारी एक बारीक नळी आहे.

यावरून ‘खच्ची’ हा शब्द येथें सर्वथा अयोग्य कां, हें कळून येईल. बैल खच्ची करितात तेव्हां त्याचे वृषण चेंचून किंवा काढून निकामी करितात. वृषणांचीं कामें दोन : शुक्रजंतु उत्पन्न करणें, व पुरुषत्वाचीं लक्षणें राखणारा अंतःस्राव रक्तांत सोडणें. खच्चीकरणानें दोन्ही कामें बुडतात. नसबंदींत वृषणांस हातही लागत नाहीं. अंतःस्राव नळीवाटे जात नसून थेट रक्तांत मिसळतो, त्यामुळें नळी बांधल्यानें त्यांत अंतर पडत नाहीं. दाढीमिशा, आवाज, शरीरबल, कामेच्छा हीं पूर्ववत् राहतात. वीर्याचा बहुतेक द्रवभाग दुसऱ्या ग्रंथींतून येत असल्यामुळें त्याचें प्रमाणही फारसें घटत नाहीं. यादींतील ही दुसरी चूक, आणि चारांत अधिक घातक. कारण या एका शब्दाच्या भयानें असंख्य पुरुष या शस्त्रक्रियेपासून दूर राहिले आणि तिचा भार स्त्रियांवर पडला.

(४) शस्त्रक्रियेचे प्रकार

पुरुषाची शस्त्रक्रिया अंडकोशाच्या त्वचेंतून करितात. तेवढीच जागा बधिर करून दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या बाहेर घेतात, त्यांचा लहानसा तुकडा कापून टोकें बांधितात. काम थोड्या मिनिटांचें असून माणूस त्याच दिवशीं घरीं जातो. चीनमधील शस्त्रवैद्य ली शुन्च्यांग यांनीं १९७४ सालीं चाकूनें छेद न घेतां अणकुचीदार चिमट्यानें त्वचा विलग करण्याची रीत काढिली. भारतांत ती १९९० नंतरच्या दशकांत आली, आणि तिला ‘बिनटाका’ असें नांव पडलें. शस्त्रक्रियेच्या पूर्वीं नळींत पुढें गेलेले जंतु कांहीं काळ शिल्लक राहतात, म्हणून तीन महिने दुसरें साधन वापरावें लागतें, आणि वीर्याची तपासणी झाल्याविना ती सफल झाली असें मानीत नाहींत. हा नियम न सांगितल्यामुळें वा न पाळल्यामुळें किती घरांत विनाकारण संशयाचे प्रसंग आले असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी.

स्त्रीच्या शस्त्रक्रियेंत पोटांत शिरावें लागतें. बीजकोशांतून गर्भाशयाकडे येणाऱ्या दोन गर्भनलिका बांधून कापितात, किंवा त्यांवर कडें अथवा चाप बसवितात. प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आंत, शस्त्रक्रियेनें प्रसूति झाल्यास त्याच वेळीं, अथवा पुढें सवडीनें पोटावर लहान छेद घेऊन ही शस्त्रक्रिया होते. दुर्बिणीच्या साहाय्यानें त्याहूनही लहान छिद्रांतून ती करितां येते. तिचा परिणाम तत्काल होतो. मासिक पाळी पूर्ववत् चालू राहते. तथापि पोटांत शिरण्याचा व गुंगीचा धोका हिच्यांत अधिक असतो. पुरुषाची शस्त्रक्रिया दोहोंत सोपी व कमी धोक्याची, यांत वैद्यकांत मतभेद नाहीं.

दोन्ही शस्त्रक्रिया कायमच्या समजूनच कराव्या. नळ्या पुन्हां जोडण्याची शस्त्रक्रिया आहे, परंतु तिचें यश अनिश्चित आहे. उलट, ‘कायमची’ याचा अर्थ ‘कधींच न फसणारी’ असाही नव्हे. स्त्रीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षांत हजारीं सुमारें पांच जणींस गर्भ राहतो. पुरुषांच्या बाबतींत हें प्रमाण याहूनही कमी आहे. शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहिला म्हणजे वैद्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला असें नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालच्या एका निकालांत म्हटलें आहे. आणि जेथें निष्काळजीपणा सिद्ध झाला तेथें भरपाई द्यावी, असा निकाल त्यानेंच २००० सालीं दिला होता.

(५) संक्षिप्त इतिहास

नळी बांधण्याची कल्पना युरोप-अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. ओहायो प्रांतांतील डॉ. लंग्रेन यांनीं १८८० च्या सुमारास स्त्रीच्या गर्भनलिका बांधिल्या. अमेरिकेच्या इंडियाना प्रांतांत १९०७ सालीं सक्तीच्या वंध्यीकरणाचा पहिला कायदा झाला. त्याचा रोख तुरुंगांतील व वेड्यांच्या इस्पितळांतील लोकांवर होता. जर्मनींत १९३३ च्या कायद्याखालीं सुमारें चार लक्ष लोकांवर ही शस्त्रक्रिया लादण्यांत आली. म्हणजे या साधनाच्या जन्मापासूनच सक्तीची छाया त्याच्या मागें आहे.

याच काळांतील एक विलक्षण प्रकार संग्राहकांनीं जाणून असावें. व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ स्टायनाख यांनीं १९२० च्या सुमारास असा सिद्धांत मांडिला कीं, शुक्रवाहिनी बांधल्यास वार्धक्य हटून तारुण्य परत येतें. फ्रॉइड व कवि येट्स यांनींही ती शस्त्रक्रिया करून घेतली. सिद्धांत पुढें टिकला नाहीं. परंतु १९२० ते १९४० च्या दरम्यानच्या एखाद्या लेखांत वा जाहिरातींत शुक्रवाहिनी बांधण्याचा उल्लेख आल्यास तो संततिनिरोधाचा कीं पुनर्यौवनाचा, हें पाहूनच अर्थ लावावा. ज्या शस्त्रक्रियेनें पुरुषत्व जातें म्हणून आमचे लोक भ्याले, तिनेंच तें परत येतें म्हणून तिकडचे लोक द्रव्य खर्च करीत होते. दोन्ही समजुती सारख्याच निराधार.

महाराष्ट्रांत या विषयाचा जाहीर पुरस्कार प्रथम रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं केला. विल्सन कॉलेजांत गणिताची प्राध्यापकी केलेल्या कर्व्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढिलें, आणि जुलै १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें. त्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची वकिली केली. १० नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या विधिमंडळांत आंबेडकरांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनीं संततिनियमनाचा ठराव मांडिला. तो ११ विरुद्ध ५२ मतांनीं पडला. कर्व्यांचा मुख्य भर तात्पुरत्या साधनांवर व स्त्रीच्या इच्छेवर होता; त्यामुळें त्यांचें मासिक ‘वंध्याकरणाचें’ म्हणणें ही यादींतील तिसरी चूक होय.

कुटुंबनियोजन संघटना १९४९ सालीं मुंबईंत स्थापन झाली, व १९५२ पासून कुटुंबनियोजन हा भारत सरकारचा कार्यक्रम झाला. १९६५ सालीं लूप आला. १९६० नंतरच्या दशकांत मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुषांच्या शस्त्रक्रियेचीं केंद्रें चाललीं, आणि शस्त्रक्रिया करून घेणारास रोख रक्कम देण्याची प्रथा पडली. येथपर्यंत मोह होता. पुढें धाक आला. आणीबाणीच्या काळांत, १९७६-७७ या एका वर्षांत, देशांत सुमारें ८२ लक्ष शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकीं सुमारें ६२ लक्ष पुरुषांच्या. शिक्षक, तलाठी, कारखान्यांतील अधिकारी यांस ‘केसेस’ आणण्याचा आंकडा नेमून दिलेला असे. पगार, शिधापत्रिका, कर्ज हीं दाखल्यावर अडकविलीं जात. तीन अपत्यांनंतर शस्त्रक्रिया सक्तीची करणारें विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानें १९७६ सालीं संमत केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें त्याचा कायदा झाला नाहीं. १९७७ सालीं नेमलेल्या शहा आयोगापुढें शस्त्रक्रियेशीं निगडित १,७७४ मृत्यूंची नोंद आली.

त्यानंतर पुरुषांनीं या शस्त्रक्रियेकडे पाठ फिरविली ती आजतागायत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील विवाहित स्त्रियांपैकीं ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली; पतीची झाली असें सांगणाऱ्या अवघ्या ०.३ टक्के. महाराष्ट्रांत सुमारें निम्म्या विवाहित स्त्रियांची ती झालेली आहे. २०१४ सालीं छत्तीसगडांत बिलासपूरजवळच्या शिबिरांनंतर तेरा स्त्रिया मरण पावल्या. १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें अशीं शिबिरें तीन वर्षांत बंद करण्यास सांगितलें.

(६) कालनिर्णयाच्या खुणा

कागदावर तारीख नसल्यास पुढील खुणा उपयोगी पडतात. ‘कुटुंबनियोजन’ हें खात्याचें नांव १९७७ पूर्वींचें. त्यानंतर सरकारी कागदांत ‘कुटुंबकल्याण’ येतें. बोलण्यांत मात्र जुनें नांव राहिलें, म्हणून ही खूण छापील मथळ्यापुरतीच धरावी. ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ असा उल्लेख असल्यास कागद १९७० नंतरचा. ‘बिनटाका’ हा शब्द दुहेरी आहे : स्त्रिया दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसही ‘बिनटाक्याचें ऑपरेशन’ म्हणतात, आणि पुरुषांच्या नव्या पद्धतीचेंही तेंच नांव, तेव्हां व्यक्ति स्त्री कीं पुरुष हें पाहिल्याविना काळ ठरवूं नये. ‘लूप’ व ‘तांबी’ हीं काढतां येणारीं साधनें आहेत. त्यांची गणना कायमच्या उपायांत करूं नये. ‘लहान कुटुंबाचें प्रतिज्ञापन’ हा शासकीय नोकरीसाठींचा कागद २००५ च्या नियमांनंतरचा असून शस्त्रक्रियेचा पुरावा नव्हे.

स्थळवाचक शब्दांविषयीं विशेष सावध असावें. आमच्या दाखल्यावर कोपऱ्यांत ‘कँप नं. ४’ असें शाईनें लिहिलें आहे, आणि त्यावरूनच आमच्या मित्रांनीं ‘चौथें नसबंदी शिबिर’ हा अर्थ काढिला. परंतु कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, तिला १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि तिच्या भागांस कँप १ ते ५ अशीं नांवें अद्यापि चालू आहेत. म्हणजे ‘कँप नं. ४’ हें शिबिर नव्हे. तो त्या माणसाच्या घराचा पत्ता आहे. ही चौथी चूक. ती मंदिराच्या शकासारखीच एका अंकाभोंवतीं झाली. आणि ठसा, नांव व पत्ता एकत्र छापले गेले असते, तर त्याच्या आळींतील कोणासही माणूस ओळखतां आला असता.

(७) ‘स्वेच्छेनें’

दाखल्यावरील माणूस हयात आहे, असें आमच्या विद्यार्थ्यानें सांगितलें. आम्ही होऊन गेलों नाहीं. विद्यार्थ्यानें प्रथम विचारिलें, आणि त्या गृहस्थांनीं बोलाविल्यावर गेलों. वय ऐशींच्या पुढें, दृष्टि मंद, परंतु स्मरण चांगलें.

“महिन्याचा पगार अडकला होता, गुरुजी,” ते म्हणाले. “घरांत दोन मुली. साहेब म्हणाले, कागद आण आणि पगार ने. कागद आणला.”

तो वैद्यांकडे कसा गेला, असें आम्हीं विचारिलें.

“घरांत ठेवण्याची सोय नव्हती. बैलाला करतात तेंच याला केलें, असें लोकांनीं म्हटलें असतें. वैद्यबुवांनीं आपल्या दप्तरांत ठेवून घेतला. ते म्हणाले, याला कांहीं होत नाहीं, भिऊं नकोस. आणि खरेंच कांहीं झालें नाहीं. पुढें चोवीस वर्षें नोकरी केली.”

कागदांत काय लिहिलें आहे, हें त्यांना आजवर कोणीं वाचून दाखविलें नव्हतें. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही वाचूं लागलों. “मी स्वेच्छेनें व पूर्ण विचारान्तीं” या शब्दांपाशीं आलों तों त्यांनीं हात वर केला.

“काका, थांबूं काय?” आम्हीं विचारिलें.

“वाचा. पण तें माझें नाहीं. आंगठा तेवढा माझा.”

आमच्या वाचकांनीं शेंकडों खरेदीखतें व कतबे वाचिले असतील. ‘राजीखुषीनें लिहून दिलें’ हें वाक्य त्यांत सर्वत्र असतें. कर्जानें नाडलेला कुणबी आपलें शेत देतो तेव्हांही तें असतें, आणि भाऊ भावास प्रेमानें वाटा देतो तेव्हांही असतें. तें लेखकाचें वाक्य आहे, लिहून देणाराचें नव्हे, हें आम्हांस शिकवावें लागत नाहीं. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या कागदास आपण जी कसोटी लावितों ती १९७६ च्या कागदास कां लावूं नये? आमच्या दाखल्यांत ‘स्वेच्छेनें’ हा शब्द छापील आहे. नांव, पत्ता व तारीख तेवढी शाईची. छापील शब्द सर्वांसाठीं एकच असतो, म्हणून तो कोणा एकाच्या मनाची साक्ष देऊं शकत नाहीं. उलट, सर्वच छापील संमति खोटी, असेंही धरूं नये. अनेक स्त्रीपुरुषांनीं ही शस्त्रक्रिया विचारपूर्वक व समाधानानें करून घेतली आहे. खरेंखोटें कळण्यास आजूबाजूचे कागद पाहावे : पगाराची नोंद, नेमून दिलेल्या आंकड्यांचे हुकूम, तारखांची गर्दी, आणि माणूस हयात असल्यास त्याचें सांगणें.

सदर गृहस्थांच्या सांगण्यांतून दोन गोष्टी वेगळ्या होतात, व त्या वेगळ्याच ठेवाव्या. शस्त्रक्रियेनें त्यांचें शरीर बिघडलें नाहीं. सक्तीनें त्यांचें मन दुखावलें. पहिली गोष्ट विसरल्यास साधनाची निष्कारण बदनामी होते. दुसरी विसरल्यास अन्यायावर पांघरूण पडतें. आज लागू असलेल्या शासकीय निकषांप्रमाणें शस्त्रक्रियेपूर्वीं समुपदेशन, तात्पुरत्या साधनांची माहिती व खरी संमति आवश्यक असून जोडीदाराच्या संमतीची अट नाहीं. हे नियम कशाच्या अनुभवांतून आले, हें सांगणारे कागद म्हणजे असे दाखले.

(८) संग्राहकांस विनंति

तेव्हां असे कागद टाकून देऊं नयेत, आणि कुतूहलाची वस्तु म्हणून मांडूंही नयेत. नोंद करितांना व्यक्तीचें नांव न घालतां क्रमांक घालावा. ज्याचा दाखला आहे तो किंवा त्याचा जोडीदार हयात असेल तोंवर नांव व पत्ता झांकूनच प्रत द्यावी. आंगठ्याचा ठसा कधींही छापूं नये. नांव दोघांचें सारखें असूं शकतें, ठसा नव्हे. बाडांतील योग छापावयाचे झाल्यास प्रमाणें गाळावीं, व ते आजच्या उपयोगासाठीं नाहींत असें स्पष्ट लिहावें. यादींत ‘खच्ची’ हा शब्द लिहूं नये. मूळ कागदांतच असेल तर अवतरणचिन्हांत ठेवावा.

आमच्या मित्रांनीं आपली यादी स्वतःच्या हातानें दुरुस्त केली. आतां ती अशी आहे : “संततिनिरोधाचे योग, उतारे; ‘समाजस्वास्थ्य’, सुटे अंक तीन; शस्त्रक्रियेचा दाखला, पुरुष, सन १९७६, संमति छापील.” शेवटचे दोन शब्द त्यांचेच आहेत, आणि आमच्या मतें ते या सबंध लेखाचें काम करितात.

दाखला परत हवा काय, असें आम्हीं निघतांना त्या गृहस्थांस विचारिलें होतें. “नको,” ते म्हणाले. “राहूं द्या तुमच्याकडे. नांव तेवढें झांका.” त्याप्रमाणें नांव, पत्ता व ठसा यांवर पट्टी लावून तो लखोट्यांत ठेविला आहे. ज्यांस अभ्यासासाठीं पाहावयाचा असेल त्यांनीं यावें. पट्टी मात्र काढूं नये.